मेणकापडावरची दोन भोकं

खर्र... खर्र... खर्र.

नंदूचा नुकताच डोळा लागला होता. त्याच्या अंगावरचा हात मी अजून काढलाही नव्हता, तोच मागच्या पडवीत दगडावर काहीतरी घासायला सुरुवात झाली. दुपारी आमच्या घरात दुसरा आवाज नसतो. पुढच्या दोन खोल्यांत दवाखाना, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. दवाखान्याचं दार लोटलं की कळंबच्या आमच्या गल्लीत मांजरसुद्धा दबकून चालतं.

आवाज ओळखीचा होता. आमचा कंपाउंडर श्रावण अधूनमधून सुयांना धार लावायला बसतो. उकळून उकळून आणि माणसांच्या दंडांत शिरून सुयांची टोकं वळतात. श्रावण एकेक सुई कापसातून ओढून पाहतो. कापूस अडकला, की टोक बिघडलं. मग कुरुंदाच्या दगडावर गोडेतेलाचा थेंब टाकायचा आणि सुई घासायची. त्याला याचा भारी अभिमान. "माह्या हातची सुई टोचली तं पोट्टं रडत नाही, हसते," असं तो येईल त्या रोग्याला ऐकवतो.

मी नंदूला थोपटत राहिले. पण आज घासणं लांबत चाललं होतं. सुईला एवढा वेळ लागत नाही. शेवटी उठून पाहायला गेले, तर दगडाशेजारी निळ्या मखमलीची डबी उघडी पडलेली.

"श्रावणभाऊ, ही डबी कुठून काढलीत?"

"कपाटातून, वहिनी. तुम्हीच पहा ना. साहेबाच्या वर्गातल्या त्या बाईनं अमेरिकेतून सुया आणल्या, अन् दोन्हीच्या दोन्ही बोथट! हे पेन्सिलीसारखं टोक. यानं पिकल्या चिकूलेही भोक पडणार नाही. म्हणलं, साहेब बिचारे लाजेपायी वापरत नसतील. आपण धार लावून ठेवू, खूश होतील. एक झाली. आता दुसरी घेतो."

ती दुसरी मी त्याच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली. का, ते विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. शीलाताईंचं एक वाक्य कानात होतं, एवढंच. शीलाताई ह्यांच्या नागपूरच्या वर्गातल्या. भूल देण्याचं शास्त्र शिकायला त्या अमेरिकेला गेल्या होत्या. परत आल्यावर चिंतामणीच्या दर्शनाला कळंबला आल्या, तेव्हा घाईघाईत चहा घेतला आणि ही डबी ह्यांच्या हातात ठेवून म्हणाल्या, "पाठीत टोचायच्या आहेत. बोथट दिसतात म्हणून फसू नकोस, अनंत." मोटार निघूनही गेली. फसायचं काय होतं, ते विचारायचं राहूनच गेलं.

हे व्हिजिटहून आले. घासलेली सुई उजेडाकडे धरून पाहत उभे राहिले. मूळच्या सुईला टोकाशी भोकच नव्हतं. टोक सगळीकडून निमुळतं, भरीव, आणि भोक थोडं मागं, बाजूला. श्रावणनं टोक तिरकं घासत घासत त्या भोकापर्यंत आणलं होतं. आता ती इतर सुयांसारखीच दिसत होती, पात्यासारखी.

"श्रावण, अरे ही बोथट नव्हती रे."

"मंग काय होती, साहेब?"

ह्यांनी सुई पुन्हा उजेडाकडे फिरवली. "तशीच असते ती," म्हणाले आणि पायरीवर बसले. रागावलेही नाहीत. मला तेव्हा कळलं, की ह्यांनी ती कधी वापरलेलीच नव्हती.

बिजलीबाई आली ती दुसऱ्या दिवशी सकाळी.

बिजलीबाई कोण, ते सांगायला हवं. कळंबपासून बैलगाडीनं तासाभराच्या वाटेवर, टेकडीच्या अंगाला लमाणांचा तांडा आहे. तिथून ती आमच्याकडे दूध घालायची. नंदू झाला तेव्हा तिची गंगीही अंगावर पीत होती. माझं बाळंतपण अडलं, यवतमाळला पोट फाडून नंदूला काढावा लागला. त्यासाठी माझ्या पाठीत सुई टोचून कमरेखालचं अंग बधिर केलं होतं. ते सगळं नीट पार पडलं. घरी आणलं, आणि मग डोकं सुरू झालं.

तसं डोकं मला पुन्हा कधी दुखलं नाही. आडवी असले की काही नाही. मान उचलली, की कपाळापासून मानेपर्यंत कोणीतरी दोर लावून खाली ओढतंय असं वाटायचं. बसले की ओकारी. नंदूला पदराखाली घ्यायला कुशीवर वळले तरी डोळ्यांपुढं काजवे. दूध आटलं. नंदू बाटली तोंडात धरेना, रडून रडून निळा व्हायचा. एका सकाळी बिजलीबाई दुधाची चरवी उंबऱ्यात ठेवून सरळ आत आली, बांगड्या वाजवत खाली बसली आणि त्याला तिनं आपल्या अंगावर घेतलं. माझ्या सासूबाई तेव्हा होत्या. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं, पण अडवलं नाही. नंदू पीत होता, गंगी दुसरीकडून पीत होती, आणि मी अंधाऱ्या खोलीत आडवी पडून फक्त त्यांचं चुटूचुटू ऐकत होते.

तीच गंगी आता पाच वर्षांची. बिजलीबाईनं तिला खांद्यावर टाकून आणलं होतं. किती दिवसांपासून मरगळलेली. संध्याकाळी कणकण, खाल्लेलं ओकून टाकते, उजेड नको म्हणते. ह्यांनी तिला बाकावर निजवलं, डोक्याखाली हात घालून मान पुढं वाकवायला गेले, तर मान वाकेना. हातासरशी सगळी पाठच लाकडासारखी वर उचलली गेली. ह्यांचा चेहरा बदलला. तो बदल मला ओळखता येतो.

"बिजलीबाई, मेंदूच्या भोवती पाणी असतं. ते पाठीच्या कण्यात खालपर्यंत उतरतं. त्यातलं थोडं काढून पाहावं लागेल."

"कुठून काढसान?"

"पाठीतून. सुईनं."

"नाही." बिजलीबाईनं गंगीला उचललंसुद्धा. "दुसरं काय सांगसान ते करतो. पाठीत सुई नाही."

"अंदाजानं औषध दिलं आणि चुकलं तर? दोन-तीन दुखणी अशीच दिसतात, औषधं वेगवेगळी. पाणी पाहिल्याशिवाय कळायचं नाही. आणि उशीर झाला तर पोर हातची जाईल. माझ्यावर विश्वास नसेल तर यवतमाळला चला, मी येतो बरोबर."

"तिथंही पाठीतच टोचतीन ना?" मग ती माझ्याकडं वळली. "बाई, तुम्ही काहून गप्प? सांगा ना साहेबाले. कशा पडल्या होत्या तुम्ही! पोर रडून राह्यलं, अन् माय डोस्कं उचलू शकत नाही. म्या पाह्यलं हाये. तुम्ही मोठी बाई, घरात डाक्टर, म्हणून उठल्या. माही गंगी उठन काय?"

ती गेली नाही आणि मानलीही नाही. दवाखान्याच्या ओट्यावर गंगीला मांडीवर घेऊन बसून राहिली.

हे हात धुवायला आत आले तेव्हा मी विचारलं, "अहो, तेव्हा माझं डोकं का दुखलं होतं?"

"पाणी कमी झालं म्हणून."

"कुठून कमी झालं?"

"सुईच्या भोकातून झिरपत राहिलं असणार."

"सुई तर लगेच काढली होती ना?"

"सुई काढली. भोक राहतंच की. मेंदू त्या पाण्यात तरंगत असतो. पाणी उतरलं, की उभं राहिल्यावर तो खाली लोंबतो, मग ताण बसतो. काहीजणांचं भोक लवकर मिटतं, काहीजणांचं राहतं उघडं."

पाच वर्षं! पाच वर्षं मला वाटत होतं, मीच नाजूक. बाकीच्या बायका बाळंत होऊन चार दिवसांत दळायला बसतात आणि माझं मेलं डोकं. आणि ते एवढुशा भोकावर होतं! आडवी झाले की का थांबायचं, तेही आता कळलं. रागापेक्षा मला गंमतच वाटली, कोडं सुटल्यासारखी. पण एक सुटलं की दुसरं उभं राहतं. सगळीच भोकं सारखी नसतील तर?

नंदूचं जुनं मेणकापड ट्रंकेत होतं. लहानपणी त्याच्याखाली अंथरायचे ते. मऊ पडलं होतं, पण पाणी अजून धरायचं. ते परातीवर ताणून धरलं आणि निळी डबी घेतली. श्रावणनं घासलेली सुई एका बाजूला टोचली. सुर्रकन गेली, काही कळलंच नाही. मग बोथट सुई दुसऱ्या बाजूला. ती अडली. कापड आधी खळीसारखं खाली गेलं, मी जोर लावला, आणि मग 'टप्' करून आत. दोन्ही काढल्या आणि कापड खिडकीच्या उजेडात धरलं.

घासलेल्या सुईनं एक बारीक कोयरीसारखी चीर पाडली होती. धागे कापलेले, टोकं बाहेर आलेली, आणि मधून आभाळ दिसत होतं. दुसरं भोक सापडायला मला वेळ लागला. धागे तुटलेच नव्हते. बाजूला सरकले होते. नख फिरवलं तर पुन्हा जवळ आले.

मी कापडाची झोळी केली, तांब्याभर पाणी ओतलं आणि तशीच ओट्यावर गेले. "बिजलीबाई, हे धरा बरं एका बाजूनं."

तिनं गंगीला मांडीवर सावरून दुसरं टोक धरलं. चिरेतून थेंबामागून थेंब. दुसऱ्या भोकातूनही आधी दोन-चार थेंब पडले. मग एक थेंब तिथंच लोंबत राहिला. पडेल पडेल म्हणून आम्ही पाहत होतो. पडला नाही.

श्रावण मागं येऊन उभा होता. "म्हणजे म्या धार लावली ते..."

"ते हे," मी गळती चीर दाखवली.

"मेणकापड म्हणजे माणूस नव्हे हं," हे दारातून म्हणाले. पण तेही वाकून पाहतच होते.

बिजलीबाईनं ओलं बोट त्या न गळणाऱ्या भोकावर फिरवलं. बराच वेळ फिरवलं. मग म्हणाली, "मले पटलं तरी माह्या एकटीच्या हातात नाही, बाई."

मग तिनं सगळं सांगितलं. माझं डोकं दुखत होतं त्या दिवसांत तिनं तांड्यात सगळ्यांपुढं सांगितलं होतं, की पाठीत सुई टोचली की माणूस उठत नाही. तांड्यानं ते धरलं. पाठीत सुई कोणी घ्यायची नाही, असं नायकाच्या ओट्यावर ठरलं. तांड्यात जे सगळ्यांपुढं बोललं, ते सगळ्यांपुढंच मागं घ्यावं लागतं. घरात नवऱ्याच्या कानात सांगून भागत नाही.

"म्या सांगतलं होतं तुमच्या डोस्क्यावरून," ती म्हणाली. "तं मंग तुमचं डोस्कं घेऊनच चला."

गंगीला पडवीत खाटेवर निजवलं. हे आणि श्रावण तिच्यापाशी थांबले. नंदू उशाशी बसून तिच्यासाठी माशा हाकत होता. बिजलीबाईचा नवरा धावजी गाडी घेऊन वेशीवर थांबला होता. त्याला गावातल्या दवाखान्याची पायरी चढायला आवडत नाही. वाटभर तो बैलांशीच बोलला. मी मांडीवर मेणकापडाची घडी आणि निळी डबी घेऊन बसले होते आणि मनात एकच होतं, की हे म्हणाले आहेत उशीर झाला तर पोर हातची जाईल, आणि इथं मी बैलगाडीतून सभेला चालले आहे.

तांड्याचा नायक गुलाबसिंग. पांढरी मिशी, अंगात बंडी, बाजेवर बसलेला. बाया घागऱ्यांचा घोळ सावरत गोल करून बसल्या, आरसे चमकले. मी पुन्हा दोन्ही सुया टोचून दाखवल्या, पाणी ओतून दाखवलं. कापड हातोहात फिरलं. प्रत्येकीनं त्याला नख लावून पाहिलं.

"डाक्टरीनबाई मेणकापड फाडून दाखवाले आली वं!" रुक्माबाई नावाची एक म्हातारी म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

गुलाबसिंग हसला नाही. "बिजली तवा खोटं बोलली काय?"

"खरं बोलली. माझं डोकं खरंच तसं दुखलं."

"मंग ही सुई आतापर्यंत किती लोकाइले टोचली?"

आता काय सांगू! पुष्कळांना, म्हणाले असते तर कोण पाहायला येणार होतं? "आमच्याकडे एकालाही नाही. अमेरिकेत टोचतात असं ऐकलं. मी पाहिलेलं नाही."

"पोरीचं डोस्कं दुखणार नाही, हे तुम्ही कबूल करता?"

"नाही. कमी दुखेल असं वाटतं."

"दुखणं बरं होईन?"

"ते सुईचं काम नाही. सुईनं फक्त दुखणं कोणतं ते कळेल."

"अवो, मंग तुमाले माहीत काय हाये?" रुक्माबाई म्हणाली. पुन्हा हशा. धावजी मातीत काडीनं रेघा ओढत होता. मला वाटलं, झालं. आपणच घालवलं.

"मला एवढंच माहीत आहे, की माझं डोकं भोकामुळं दुखलं, आणि हे भोक मिटतं."

हसणं थांबलं. कापड अजून फिरतच होतं. मग बिजलीबाई उठली. ती त्यांच्या बोलीत बोलली, मला शब्द कळले नाहीत. सुरुवातीला आवाज चढा होता. मध्येच तिनं माझ्याकडं हात केला, मग आपल्या छातीवर ठेवला. 'छोरी' एवढा एकच शब्द मी पकडला. बायांच्या माना खाली गेल्या. रुक्माबाईनं तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली आणि मेणकापड घडी करून माझ्या हातात दिलं. गुलाबसिंग धावजीला काहीतरी एक वाक्य म्हणाला. धावजी काडी टाकून बैल जुंपायला गेला.

परतीच्या वाटेवर मी विचारलं, "काय सांगितलंत हो त्यांना?"

"म्या म्हणलं, हिचं डोस्कं दुखत होतं तवा हिचं पोर माह्या अंगावर पेलं. आता माही पोर हिच्या हातात देतो. जे होईन ते आमचं दोघींचं."

मी मेणकापडाची घडी मांडीवर सरळ केली. गाडीच्या चाकांकडे पाहत राहिले.

ऊन उतरायच्या आत ह्यांनी बोथट सुई उकळून तयारी केली. गंगीला मी कुशीवर घेतलं, गुडघे पोटाशी, हनुवटी जितकी जाईल तितकी छातीशी. तापलेली, हलकी, जास्वंदीच्या कळीसारखी मिटलेली पोर. तिच्या पाठीचे मणके मोजता येतील असे वर आले होते. बिजलीबाई दाराबाहेर पाठमोरी उभी होती.

सुई आत जाईना. बोथट टोकापुढं कातडी खळीसारखी आत जात होती आणि परत येत होती. गंगी कण्हली. ह्यांच्या कपाळावर घाम. मला वाटलं, आता हे रागावून श्रावणनं घासलेली ती सुईच उचलतात की काय. त्यांनी हात मागं घेतला, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "श्रावण, आपली ती आखूड जाड सुई दे. धारवाली."

"धारवाली?" श्रावणचा आवाज उजळला.

जाड सुई फक्त कातडीतून नेली, आणि तिच्याच पोकळीतून बोथट सुई पुढं सरकवली. वाट मिळाल्यावर ती मुकाट जात राहिली. मी ह्यांच्या बोटांकडं पाहत होते. एका जागी बोटं थबकली, हलकासा जोर, आणि बोटांना काहीतरी जाणवलं ते मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. मेणकापडाचं ते 'टप्'. आतली दाभणासारखी काडी काढली, आणि सुईच्या मागच्या तोंडाशी एक थेंब आला. मग दुसरा. श्रावणनं काचेची नळी धरली. पाणी जवळजवळ स्वच्छ, अगदी किंचित धुरकट.

"झालं?" बाहेरून बिजलीबाईनं विचारलं.

"झालं."

"रडली नाही ना?"

"रडली थोडी."

"रडू द्या. रडते म्हणजे हाये."

एक नळी दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या मोटारीनं यवतमाळला तपासायला गेली. दुसरी ह्यांनी न हलवता कपाटात उभी ठेवली होती. सकाळी मला बोलावून दाखवली. पाण्याच्या मधोमध, वरून खाली, कोळ्याच्या जाळ्याचा एक धागा लोंबावा तशी बारीक तार. कोणी आत घातली नव्हती. आपोआप धरली होती. मी श्वास रोखून पाहिली, इतकी ती नाजूक होती. आणि हे मात्र खुर्चीवर बसले.

"अशी तार धरली म्हणजे क्षय. मेंदूच्या आवरणाचा. शंकाच होती."

"म्हणजे..."

"मी शिकत होतो तेव्हा याला औषध नव्हतं. आता आहे. सुया दंडातल्या, गोळ्या पोटातून. आणि काही दिवस पाठीतूनही औषध सोडावं लागेल. पुन्हा पुन्हा. वाचतात पोरं. सगळी नाही. पण वाचतात."

पुन्हा पुन्हा. मी पहिल्यांदा हिशेब केला तो त्याचा. गंगीचं डोकं या एका वेळेला माझ्यासारखं दुखलं असतं, तर पुढच्या वेळेला बिजलीबाई तिला आणणार नव्हती. आणली असती तरी धावजीनं आणू दिली नसती. औषध कपाटात राहिलं असतं आणि पोर तांड्यात.

म्हणून आम्ही सगळे गंगीच्या डोक्यावर पहारा देत बसलो. बिजलीबाई तर तिला झोपू देईना.

"डोस्कं दुखते काय वं?"

"नाही, याडी."

जरा वेळानं, "आता?"

"नाही."

"बसून पाह्य बरं. दुखलं?"

"तू इचारते तवा दुखते!" गंगी चिडून म्हणाली, आणि श्रावण तोंडावर हात धरून बाहेर पळाला. तो आता बोथट सुईला हातही लावत नव्हता. ह्यांना म्हणाला होता, "साहेब, तिले तुम्हीच उकळत जा. मले धार लावायची सवय हाये, हात आपोआप दगडाकडं जाते."

दुखणं काही एका दिवसात उतरत नाही. ताप येत होता, कधी ती तासन्‌तास डोळे मिटून पडायची आणि बिजलीबाई माझ्याकडं बघायची, मी दुसरीकडं. पण बसवलं की ओकत नव्हती. मान उचलली की डोकं धरत नव्हती. एका सकाळी मी मऊ भात घेऊन गेले, तर ती खाटेवर भिंतीला टेकून स्वतःहून बसली होती आणि नंदूच्या हातातली चिंचोके ठेवायची पुरचुंडी हिसकावत होती. बिजलीबाई चुलीपाशी होती. मी भात खाली ठेवला आणि तिला हाताला धरूनच दाराशी आणलं.

दुसऱ्यांदा टोचायचा दिवस आला. बिजलीबाई या वेळेला दाराबाहेर गेली नाही, आत उशाशी बसली. धावजीही आला होता. पायरी चढला नाही, पण ओट्यावर टेकला. हे स्टोव्हवर भांडं ठेवून स्वतः सुई उकळत होते. गंगी माझ्या मांडीवर. ती मला नंदूयाडी म्हणते, नंदूची आई म्हणून.

"नंदूयाडी, हे तीच सुई हाये?"

"तीच."

"मेणकापडवाली?"

"हो गं. न गळणारी."

तिनं भांड्यातून वर येणारी वाफ पाहिली. मग दवाखान्याच्या बाकाकडं पाहिलं. तिथं सकाळपासून चार-पाच बाया आपापली तापलेली पोरं घेऊन बसल्या होत्या. एकीचं पोर मान मागं टाकून निजलं होतं.

"अशा किती हायेत डाक्टरपाशी?"

"एकच राहिली आहे."

"अन् यवतमाळले?"

"माहीत नाही. बहुतेक नसेल."

मी तिचे गुडघे पोटाशी घ्यायला लागले. तिनं मान वळवून, त्या बाकावरच्या पोराकडं बघत विचारलं,

"मंग बाकीच्या पोराइले कोन्ती टोचते?"